छोट्या कंपनीचा ड्रेसकोड: आधी काम बघा, मग कापड

ड्रेसकोडची बैठक बहुतेक वेळा रंगापासून सुरू होते. नेव्ही ब्लू घ्यायचा की ग्रे, लोगो छातीवर की बाहीवर, शुक्रवारी जीन्स चालेल का? दोन तास जातात, कपडे शिवून येतात आणि सहा महिन्यांनी निम्मे लोक ते घालत नाहीत. याचे कारण रंगात नसते. कोणत्या कामाला कपड्याची अट खरोखर लागते आणि कोणत्या कामाला लागत नाही, हे कुणी बघितलेलेच नसते.

वीस ते दोनशे माणसांच्या कंपनीत ऑफिस, गोदाम, शॉप फ्लोअर (जिथे यंत्रे चालतात ती जागा) आणि बाहेर फिरणारी सेल्सची माणसे असे सगळेच असतात. अशा कंपनीत ड्रेसकोड कसा ठरवावा, कापड कसे निवडावे, नियम कसे लिहावेत आणि गाडी कुठे अडते, ते पुढे दिले आहे.

कामांची यादी

पदांची नव्हे, कामांची यादी करा. ‘एक्झिक्युटिव्ह’ हे पद झाले. ‘दिवसातून चार वेळा गोदामात जाऊन माल मोजतो’ हे काम झाले. प्रत्येक कामापुढे चार प्रश्न लिहा. चुकीच्या कपड्याने इजा होऊ शकते का? कपड्यातून माल, अन्न किंवा रुग्ण दूषित होऊ शकतो का? बाहेरच्या माणसाला हा कर्मचारी लगेच ओळखू यायला हवा का? ग्राहक समोर बसून बोलतो का?

पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर तिथे नियम कडक हवा आणि त्याला सवलत नको. तिसऱ्याला ‘हो’ असेल तर गणवेश हवा, आणि तो कंपनीने द्यायचा. फक्त चौथ्याला ‘हो’ असेल तर चार-पाच मर्यादा सांगा, बाकी माणसांवर सोडा. चारही उत्तरे ‘नाही’ असतील, म्हणजे लेखा विभागात दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस असेल, तर त्याच्यासाठी नियम करायची गरजच नाही. ‘सगळ्यांना एकच नियम’ हे ऐकायला न्याय्य वाटते, पण त्यातून अकाउंटंटला सेफ्टी शूज तरी मिळतात, नाहीतर फिटरला फॉर्मल शर्ट तरी.

गणवेश ओळखीसाठी असेल तर त्याने माहितीही दिली पाहिजे. रिक्षावाल्यांचे बघा. महाराष्ट्रात स्वतःच्या परवान्यावर रिक्षा चालवणाऱ्याचा पांढरा आणि दुसऱ्याची चालवणाऱ्याचा खाकी, अशी रीत आहे. कपडा बघूनच एक गोष्ट कळते. तुमच्याकडेही सर्व्हिस इंजिनिअर आणि मदतनीस यांच्यात फरक दिसायला हवा असेल तर रंग तिथे वापरा. साहेब आणि कामगार यांच्यातला फरक दाखवायला मात्र वापरू नका. तो सगळ्यांना आधीच माहीत असतो आणि गणवेशावर आला की टोचतो.

एक दिवस, शक्य तर दोन, नुसते उभे राहून बघा. माणूस किती वेळा वाकतो, शिडी चढतो, जमिनीवर बसतो, खिशात काय ठेवतो? पेन, मोजपट्टी, मोबाइल आणि डिलिव्हरी चलन ठेवायला जागा नसलेला सुंदर टी-शर्ट गोदामात पहिल्याच आठवड्यात मागे पडतो.

यंत्राजवळ

हा भाग सगळ्यात सविस्तर लिहा, कारण इथे चूक झाली तर बोट जाते.

फिरणाऱ्या शाफ्टला, लेथच्या चकला (काम पकडणाऱ्या जबड्याला) किंवा पट्ट्याला कापडाचे एक टोक लागले की ते गुंडाळले जाते, आणि माणसाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. त्यामुळे ओढणी, पदर, मफलर, सैल बाही, उघडी टाय आणि गळ्यातली आयडी कार्डाची दोरी यांतले काहीही यंत्राजवळ चालणार नाही. आयडी कार्ड खिशाला क्लिपने लावा. दोरी हवीच असेल तर ओढल्यावर आपोआप सुटणारी घ्या. बाही अर्धी तरी असावी किंवा मनगटाला बटण लावून घट्ट बंद असावी. दुमडलेली बाही काम करता करता उलगडते, म्हणून ती नको. लांब केस बांधून टोपीच्या आत गेले पाहिजेत, नुसती वेणी पुरत नाही. अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायचे. अंगठी अडकली की बोटाची कातडी सोलून निघते, हे शॉप फ्लोअरवरच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. नव्यांना मात्र पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

हातमोज्यांबाबत एक गैरसमज घट्ट बसला आहे. ड्रिल, लेथ, मिलिंग अशा फिरत्या यंत्रावर हातमोजे घातल्याने धोका वाढतो, कारण मोजा पकडला गेला की हात आत ओढला जातो. पत्रे उचलताना, कास्टिंग हाताळताना मोजे हवेतच. म्हणून ‘शॉप फ्लोअरवर हातमोजे सक्तीचे’ असे सरसकट वाक्य लिहू नका. कोणत्या कामाला हवेत आणि कोणत्या यंत्रावर बंदी, असे दोन्ही लिहा आणि तेच त्या यंत्रावर चिकटवा.

चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिले गेले. म्हणजे ‘तुझे कपडे तू बघ’ ही भाषा तेव्हापासूनच चालत नाही.

वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि भट्टीजवळ शंभर टक्के सुती कपडा किंवा ज्वालारोधक प्रक्रिया केलेला कपडा द्या. पॉलिएस्टर ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते, त्यामुळे भाजणे खोल जाते. आतला बनियनही सुती असावा. पँटच्या तळाला दुमड नको आणि छातीवर उघडा खिसा नको, कारण ठिणग्या तिथे साठतात. पँटची मोहरी बुटाच्या बाहेर असावी, आत खोचलेली नको. विजेच्या पॅनेलवर काम करणाऱ्याच्या शर्टाला धातूची बटणे किंवा उघडी चेन नसावी.

सेफ्टी शूज आयएस १५२९८ या मानकाचे घ्या आणि आयएसआय चिन्ह बघूनच घ्या. त्यातल्या सेफ्टी प्रकाराच्या टोकाला २०० ज्यूलचा आघात सोसायचा असतो. माप दुपारनंतर आणि मोजे घालून घ्या, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडे फुगतात. सकाळी बरोबर बसलेला बूट चार वाजता चावतो आणि मग माणूस टाच दाबून त्याची चप्पल करतो. बायकांसाठी पुरुषांच्या बुटाचे लहान माप मागवू नका. पायाचा साचाच वेगळा असतो, टाच सैल राहते. बायकांच्या साच्याचे सेफ्टी शूज बाजारात मिळतात, फक्त आगाऊ सांगावे लागते.

फोर्कलिफ्ट आणि ट्रक फिरतात तिथे चमकपट्ट्यांचे जॅकेट द्या, मानक आयएस १५८०९. जॅकेट धुता धुता पट्टीची चमक कमी होते, कापड धड दिसले तरी. सहा महिन्यांनी अंधारात मोबाइलचा टॉर्च मारून बघा आणि नव्या जॅकेटशी ताडून बघा. फरक डोळ्यांना दिसला तर बदला.

साडी नेसून येणाऱ्या महिला कामगारांचा प्रश्न बहुतेक नियमावल्या टाळतात. ‘साडीवर एप्रन’ हा उपाय पॅकिंगच्या टेबलावर चालतो. फिरत्या यंत्रावर चालत नाही, कारण घेर आणि निऱ्या खाली मोकळ्याच राहतात. तिथे पँट आणि मांडीपर्यंतचा शर्ट किंवा कोट द्यावा. पण त्यासाठी आधी कपडे बदलायला कडी लागणारी खोली, आरसा आणि प्रत्येकीला कुलपाचे कपाट हवे. अनेकजणींना घरून पँट घालून निघायचे नसते, आणि त्यात कंपनीने पडायचे कारण नाही. खोली नसताना नियम केला तर बाया साडीवरच पँट चढवतात, आणि ते सगळ्यात वाईट.

अन्नाच्या जागी

स्वयंपाकघर, बेकरी, पॅकिंग युनिट यांना एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) परवान्याबरोबर येणाऱ्या परिशिष्ट ४ च्या अटी लागू होतात: केस झाकणे, दागिने नकोत, स्वच्छ एप्रन. प्रत्यक्षात घोळ बारक्या गोष्टींत होतो. केसांची जाळी कानांवरून गेली पाहिजे, नुसती डोक्यावर ठेवून उपयोग नाही. कमरेच्या वरती खिसा नको, कारण वाकल्यावर पेन पिठात पडते. बटणांऐवजी टिचबटणे किंवा मागून बांधायचे बंद घ्या. कपडा फिकट रंगाचा असावा, म्हणजे डाग दिसतो. डाग लपवणारा गडद रंग इथे उपयोगाचा नाही. जखमेवर निळी पट्टी वापरा, कारण खाण्यात निळे काही नसते आणि पडली तर लगेच दिसते. हा एप्रन घालून संडासाला किंवा बाहेर टपरीवर चहाला जायचे नाही. त्यासाठी दाराजवळ खुंट्या ठोका. नुसती सूचना लावून कुणी एप्रन काढत नाही, खुंटी असेल तर काढतात.

मंगळसूत्राचा मुद्दा येणारच. तो सुपरवायझरवर सोडू नका, लेखी ठरवा. बंद गळ्याच्या कपड्याच्या आत आणि वरून एप्रन, असा मार्ग बहुतेक ठिकाणी निघतो. जिथे उघड्या अन्नावर वाकून काम आहे तिथे काढूनच ठेवावे लागेल, आणि मग ठेवायला कुलपाचे कपाट कंपनीने द्यावे. बांगड्यांना मात्र तडजोड नाही. काच फुटते.

ऑफिसात

इथे थोडक्यात आटोपा. लांबलचक नियम इथेच सगळ्यात जास्त लिहिले जातात आणि इथेच त्यांची सगळ्यात कमी गरज असते.

‘फॉर्मल’, ‘सेमी-फॉर्मल’, ‘स्मार्ट कॅज्युअल’ हे शब्द टाळा. प्रत्येकाच्या डोक्यात त्यांचा वेगळा अर्थ असतो. कपड्यांची नावेच लिहा. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेले परिपत्रक या बाबतीत बघण्यासारखे आहे. साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता, ट्राउझर पँट, शर्ट अशी नावे त्यात दिली होती. जीन्स-टी-शर्ट आणि स्लिपर नकोत असे म्हटले होते. शुक्रवारी खादी वापरावी असेही होते. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी मागे घेतली, टी-शर्टवरची ठेवली. यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, कपड्याचे नाव घेतले की वाद आटोपशीर होतो. दुसरी, नियम टिकत नाही असे दिसले तर तीन महिन्यांत बदलता येतो, त्यात नामुष्की नाही.

ऑफिससाठी ‘काय चालेल’ याची यादी न करता ‘काय चालणार नाही’ याची पाच ओळींची यादी करा: फाटके किंवा मुद्दाम फाडलेले कपडे, मोठ्या घोषणा किंवा चित्रे, हाफ पँट, बाथरूम स्लिपर, मळलेले कपडे. कोल्हापुरी चालेल का हा प्रश्न हमखास येतो. ऑफिसात का चालू नये? गोदामात मात्र नाही.

हवामान नियमातच लिहा. वकिलांना काळा कोट सक्तीचा, पण सर्वोच्च आणि उच्च न्यायालय सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात त्याची सक्ती नाही. बार कौन्सिलच्या नियमातच ही सवलत दिलेली आहे, म्हणून वकिलाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. नागपूर-चंद्रपूरला मेमध्ये टाय सक्तीची ठेवणाऱ्याने एकदा दुपारी दोनला बसस्टॉपवर उभे राहून बघावे. रत्नागिरी, मुंबई, पणजीला जून ते सप्टेंबर चामड्याचा बूट रात्रीत वाळत नाही आणि त्याला बुरशी येते. तिथे ‘येताना पावसाळी सँडल, ऑफिसात ठेवलेला जोड’ असा नियम करा आणि जोड ठेवायला रॅक द्या.

ब्लेझर ठेवायचा की नाही, हे ठरवताना विजेचे बिलही समोर घ्या. खोल्यांच्या एसीचे मूळ (सुरू केल्यावर आपोआप येणारे) तापमान २४ अंश ठेवण्याची अट भारतात जानेवारी २०२० पासून आहे, आणि तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे बीईई, म्हणजे केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था, सांगते. सगळे ब्लेझरमध्ये असतील तर कुणीतरी एसी २० वर आणतोच, आणि मग कुर्ता घातलेली रिसेप्शनिस्ट शाल घेऊन बसते. जपान सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात उलट बाजूने सुरुवात केली. ऑफिसातले तापमान २८ ठेवा आणि टाय-कोट काढा, असे सांगितले. त्याला त्यांनी कूल बिझ नाव दिले.

कापड आणि शिलाई

गणवेश द्यायचा ठरला की लगेच नमुन्यांच्या फायली येतात. फायलीतला तुकडा बघून काही कळत नाही. एक मीटर कापड मागा, त्यावर न पुसणाऱ्या पेनाने ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि घरच्या मशीनमध्ये पाच वेळा धुऊन सावलीत वाळवा. चौकोनाची बाजू ४८.५ च्या खाली गेली, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त आटली, तर ते कापड नको. मग ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो कॉलरच्या आतून मानेलाही लागणार.

शर्टाला साधारण ११० ते १४० जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचे वजन, ग्रॅममध्ये), पँटला २०० ते २६०, कॉलरच्या टी-शर्टला २०० ते २४० जीएसएम ठीक असते. टी-शर्ट १६० चा घेतला तर पैसे वाचतात, पण दोन महिन्यांत गळा लोंबतो. टेरिकॉट, म्हणजे ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सूत, कमी चुरगळते आणि लवकर वाळते, पण घाम शोषत नाही. बैठ्या कामाला आणि पावसाळी भागाला ते बरे. उन्हात फिरणाऱ्याला सुताचे प्रमाण जास्त हवे. पांढरा रंग काखेत पिवळा पडतो. गडद नेव्हीवर घामाच्या मिठाच्या रेघा दिसतात. मध्यम निळा, राखाडी, मातकट हे रंग कंटाळवाणे असतात, पण टिकतात.

किती जोड? सहा दिवसांचा आठवडा असेल तर किमान तीन शर्ट आणि दोन पँट. पावसाळ्यात कपडा वाळायला दोन दिवस लागतात अशा ठिकाणी चार शर्ट द्या. दोनच जोड दिले तर माणूस ओला गणवेश घालून येतो किंवा घालतच नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

कापड एकाच रंगाईच्या लॉटमधून घ्या आणि पंधरा टक्के जास्त घेऊन ठेवा. नवीन माणसे येतात, कपडे फाटतात, आणि पुढच्या वर्षीचा तोच शेड नंबर डोळ्यांना वेगळा दिसतो. एका रांगेत उभे राहिलेले तीन वेगवेगळे निळे गणवेश नसल्यापेक्षा वाईट दिसतात.

माप घेताना एस-एम-एल विचारू नका. लोक लाजेने एक माप कमी सांगतात. प्रत्येक मापाचा एक तयार नमुना मागवून घालून बघायला द्या किंवा शिंप्याला कंपनीत बोलवा. बायकांची मापे घ्यायला बाईच हवी. बायकांच्या शर्टाला वेगळा साचा हवा, कारण पुरुषी शर्ट नितंबांवर अडकतो आणि छातीजवळ बटणांमध्ये फट पडते. त्यांच्या पँटला आणि कुर्त्यालाही खिसे द्या. हा खर्च अगदी किरकोळ असतो, आणि त्यावरून होणारी नाराजी मात्र वर्षभर चालते.

लोगो डाव्या छातीवर, सात-आठ सेंटिमीटरहून मोठा नको. शर्टावर भरतकाम चांगले. पातळ टी-शर्टवर भरतकामाभोवती कापड आक्रसते, तिथे छपाई करा. उष्णतेने चिकटवलेला लोगो इस्त्रीने तडकतो. भरतकामाची मागची बाजू अंगाला टोचते, तिला मऊ अस्तर लावायला सांगा. कारागीर ते स्वतःहून लावत नाहीत.

ऑर्डर केव्हा द्यायची, हेही महत्त्वाचे. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे एप्रिल ते जून गणवेश शिवणारे सगळे शाळांच्या कामात बुडालेले असतात. सोलापूरसारख्या गणवेशाच्या मोठ्या बाजारातही तेव्हा छोटी ऑर्डर मागे पडते. दिवाळीच्या आधीचा महिनाही तसाच. जानेवारी-फेब्रुवारी किंवा ऑगस्ट बरा.

पैसे

घालण्याची सक्ती करायची असेल तर खर्च कंपनीने करायचा, हे तत्त्व धरा. पगारातून कोणत्या कपाती करता येतात हे कायद्याने ठरवून दिलेले आहे. गणवेशाचे पैसे परस्पर कापून घेण्याआधी कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारा. संरक्षक साधनांचे पैसे तर कापूच नका. नेमणूकपत्रातच लिहा: किती जोड, किती महिन्यांनी बदलून मिळणार, कामात फाटला तर काय, हरवला तर काय, धुलाई भत्ता आहे की नाही. तेल-ग्रीसचे कपडे घरी मुलांच्या कपड्यांबरोबर धुवायला लावू नयेत. रसायने हाताळणाऱ्यांचे तर मुळीच नाही. त्यांची धुलाई कंपनीतच किंवा धुलाईवाल्याकडे.

कपडे बदलायला लागणारी दहा मिनिटे शिफ्टमध्ये धरायची का? धरा. पंचिंग मशीन चेंजिंग रूमच्या आधी बसवा की हा वाद संपतो.

ज्या शब्दांनी भांडणे होतात

‘शोभेल असा पोशाख’, ‘सभ्य’, ‘संस्कृतीला साजेसा’ हे शब्द नियमावलीत आले की त्यांचा अर्थ लावायचा अधिकार सुपरवायझरकडे जातो, आणि तो अधिकार प्रत्यक्षात बायकांवरच वापरला जातो. मोजता किंवा दाखवता येत नाही ते लिहू नका. पुरुषांसाठी तीन ओळी आणि बायकांसाठी अकरा ओळी झाल्या असतील तर कागद फाडून पुन्हा लिहा. कपड्यांवरून शेरे मारणे हा लैंगिक छळाच्या तक्रारीचा विषय होऊ शकतो, आणि दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. मसुदा त्या समितीला वाचायला द्या.

पगडी, हिजाब, कडे, जानवे, टिकली, कुंकू यांबाबत एकच कसोटी लावा: इजा किंवा दूषित होण्याचा नेमका धोका सांगता येतो का? सांगता येत नसेल तर परवानगी. सांगता येत असेल तर आधी पर्याय शोधा: सुटी टोके आत खोचलेला घट्ट हिजाब, कड्यावर मनगटपट्टी. पर्यायच नसेल तर दुसरे काम. हेल्मेटसक्तीच्या जागी पगडीचा प्रश्न येईल, तेव्हा लक्षात ठेवा की मोटार वाहन कायद्याने पगडीधारी शिखांना दिलेली सूट रस्त्यावरच्या दुचाकीची आहे. क्रेनखाली ती आपोआप लागू होत नाही.

गणवेशाचे स्त्री-पुरुष असे दोन संच असतील तर कोणता घालायचा हे कर्मचाऱ्याने सांगावे, कंपनीने ओळखपत्रावरून ठरवू नये. तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. गर्भवतीला कमरेला इलॅस्टिकचे दोन मोठे जोड न मागता द्या. मधुमेहामुळे पायाला जखमा होणाऱ्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेगळा बूट द्या, पण तो बूटही टोक-संरक्षणाचाच हवा.

कागदावर

सगळे मिळून एक पान. मराठीतच लिहा, परराज्यातले कामगार असतील तर हिंदीतही. मसुदा साधारण असा:

१. यंत्रशाळा: कंपनीचा शर्ट-पँट, सेफ्टी शूज. ओढणी, पदर, गळ्यातली दोरी, अंगठी, घड्याळ नाही. केस टोपीत. अपवाद नाही, पाहुण्यांनाही नाही.
२. गोदाम: कंपनीचा टी-शर्ट, चमकपट्टीचे जॅकेट, सेफ्टी शूज.
३. ग्राहकांकडे जाताना: कंपनीचा शर्ट, बंद बूट किंवा सँडल, ओळखपत्र. ओळखपत्र नसेल तर ग्राहकाच्या दारात जायचे नाही.
४. ऑफिस: पुढील पाच गोष्टी (इथे वरची यादी उतरवा) सोडून काहीही चालेल.
५. जून ते सप्टेंबर: येता-जाता पावसाळी पादत्राणे चालतील.
६. अडचण असेल तर अमुक व्यक्तीशी बोला. उत्तर तीन दिवसांत लेखी मिळेल.

‘पाहुण्यांनाही नाही’ हे शब्द गाळू नका. मालक स्वतः चप्पल घालून शॉप फ्लोअरवर फिरला की पहिला नियम त्याच दिवशी बाद होतो.

लागू करण्याआधी वेगवेगळ्या कामांतल्या सहा जणांना महिनाभर घालायला द्या. त्यात एक जाड, एक उंच, एक दुचाकीवरून येणारा, एक बसने येणारी आणि एक सतत तक्रार करणारा माणूस घ्या. शेवटचा सगळ्यात उपयोगी. महिन्याअखेर कपडे परत बघा: शिवण कुठे उसवली, खिसा कुठे फाटला, रंग कुठे उडाला. काखेत आणि आसनाच्या जागी उसवले असेल तर शिंप्याला दुहेरी शिवण सांगा.

चुकीचे कपडे घालून आलेल्याला घरी पाठवू नका. त्याचा अर्धा दिवस जातो, तुमचेही काम अडते. स्टोअरमध्ये दोन जास्तीचे एप्रन, दोन शर्ट आणि ६ ते १० मापाचे सेफ्टी शूज ठेवा. दिले, सही घेतली, कामाला लावले. तिसऱ्यांदा झाले तर एकट्याला बोलावून विचारा. बऱ्याचदा उत्तर निघते की जोड फाटलाय आणि मागायला लाज वाटली. यंत्राजवळच्या नियमात मात्र तिसऱ्या वेळेची वाट बघायची नाही, तिथे त्याच क्षणी काम थांबवायचे.

शेवटी परतीचे. नोकरी सोडणाऱ्याकडून लोगोचे सगळे कपडे आणि ओळखपत्र परत घ्या आणि हिशेब पूर्ण करताना यादीवर खूण करा. जुना गणवेश घालून ग्राहकांच्या दारात जाणारे भामटे असतात, आणि ग्राहक कपड्यावरच विश्वास ठेवतो. जीर्ण कपडे पुसायला द्यायचे असतील तर लोगो आधी कात्रीने कापून काढा. भंगारवाल्याला अख्खा शर्ट देऊ नका.